बिनतारी नौकेचा जनक : निकोला टेस्ला

उर्से येथून द्रुतगती मार्गाने लोणावळ्याकडे निघाले, की भातखाचरे आणि कारखाने यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या विद्युतवाहिन्या दिसू लागतात. मावळ आणि वीज यांचे नाते शतकापूर्वीचे आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवता येथील जलाशयांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये टाटांच्या वीजकेंद्राने मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यास प्रारंभ केला. ज्यांच्या मनात हे स्वप्न रुजले, ते जमशेटजी टाटा १९०४ मध्येच निवर्तले होते. ही वीज त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाहाची होती. दूरवरच्या डोंगरात वीज निर्माण करावी आणि शहरातील यंत्रे फिरवावीत, हे ज्या पद्धतीमुळे शक्य झाले, तिच्या प्रमुख शिल्पकारांत निकोला टेस्ला यांचे नाव घ्यावे लागते.

याच टेस्ला यांच्या खात्यावर आणखी एक शोध जमा आहे. मुलांच्या हातातील रिमोटवर धावणारी गाडी, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बांधलेला रोबो आणि शेतावर औषध फवारणारे ड्रोन या सर्वांचा मूळपुरुष म्हणजे त्यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पाण्यावर सोडलेली छोटी नौका. अशा वाहनाला आदेश कसा पोहोचवावा आणि त्याच्या पोटातील नाजूक यंत्रणेला वीज कशी पुरवावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची जाण त्या नौकेच्या रचनेत दिसते. पुढे टेस्ला यांनी या दोन प्रश्नांतील भेद पुसून टाकण्याचा ध्यास घेतला आणि त्या ध्यासातच त्यांच्या आयुष्याची शोकांतिका दडलेली आहे.

ठिणग्यांनी दिलेला प्रश्न

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. घराणे सर्बियन. वडील मिलुतिन हे ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू. आई शाळेत गेलेली नव्हती, पण घरकामाची लहानमोठी अवजारे ती स्वतः घडवीत असे. आपल्याला कल्पकतेचा वारसा आईकडून मिळाला, असे टेस्ला आयुष्यभर मानत आले. थोरला भाऊ लहानपणीच अपघातात दगावला. उरलेल्या मुलाने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, परंतु मुलाचे मन यंत्रांत गुंतलेले होते. अखेर वडिलांनी हट्ट सोडला आणि १८७५ मध्ये निकोला ग्राझ येथील तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले.

तेथील एका तासाला प्रा. पोशल यांनी ग्राम पद्धतीचा डायनॅमो चालवून दाखविला. यंत्र फिरू लागताच त्याच्या ब्रशांपाशी ठिणग्या उडू लागल्या. फिरत्या भागाला वीज देण्यासाठी हे ब्रश आणि त्यांखालील कम्युटेटर आवश्यकच असतात, असा त्या काळचा समज होता. हे सारे वगळूनही मोटार चालविता येईल, असे टेस्ला यांनी सुचविले. प्राध्यापकांनी सर्वांसमोर ही कल्पना अशक्य ठरविली. टेस्ला यांना तिथली पदवी मिळाली नाही, परंतु तो प्रश्न त्यांनी सोडला नाही.

१८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका उद्यानात मित्रासमवेत फिरत असताना त्यांना उत्तर सुचले. एकामागोमाग एक येणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहांनी चुंबकीय क्षेत्रच फिरते ठेवले, तर आतील चाक त्या क्षेत्रामागे आपोआप ओढले जाईल. ब्रश नकोत, कम्युटेटर नको आणि ठिणग्याही नकोत. पॅरिसमध्ये एडिसन यांच्या कंपनीत काही काळ काम केल्यानंतर १८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि एडिसन यांच्याच कारखान्यात रुजू झाले. एडिसन हे एकदिश प्रवाहाचे कट्टर पुरस्कर्ते. पैशावरून मतभेद झाले आणि सुमारे सहा महिन्यांत टेस्ला यांनी नोकरी सोडली. त्यानंतर काही काळ त्यांच्यावर चर खणण्याची मजुरी करण्याचीही वेळ आली.

नशीब पालटले ते १८८८ मध्ये. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी आपल्या मोटारीवर व्याख्यान दिले. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी त्यांची पेटंटे विकत घेतली. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दिव्यांनी उजळले. १८९६ मध्ये नायगाराच्या धबधब्यावरील वीज बफेलो शहरात पोहोचली. दरम्यान, कंपनी आर्थिक अडचणीत सापडली असता टेस्ला यांनी आपला रॉयल्टीचा हक्क सोडून दिला होता. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय त्यांना फार महागात पडला.

आज्ञा हवेतून

मार्च १८९५ मध्ये न्यूयॉर्कमधील त्यांच्या प्रयोगशाळेला आग लागून सारी उपकरणे आणि टिपणे भस्मसात झाली. टेस्ला यांनी ह्यूस्टन रस्त्यावर नवी प्रयोगशाळा थाटली. याच काळात, १८९६ मध्ये, स्वामी विवेकानंदांची आणि त्यांची न्यूयॉर्कमध्ये भेट झाली. वेदान्तातील प्राण आणि आकाश या कल्पनांत टेस्ला यांना रस होता. प्रयोगशाळेत मात्र ते वेगळ्याच कामात गढले होते. तारेची जोड नसलेल्या यंत्राला दुरून हुकूम देता येईल का, हा त्यांचा विषय होता.

१८९८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील विद्युत प्रदर्शनात त्यांनी एका मोठ्या हौदात काही फूट लांबीची लोखंडी नौका सोडली. टेस्ला काठावरून कळ फिरवीत आणि नौका वळे, थांबे, पुन्हा निघे. तिच्यावरील दिवे लागत आणि मालवत. पाहणारे चक्रावून गेले. कोणाला ती जादू वाटली, तर कोणाला आत दडविलेल्या जनावराची करामत. टेस्ला यांनीही गंमत म्हणून प्रेक्षकांना नौकेला प्रश्न विचारू दिले. ६४ चे घनमूळ विचारले असता दिवा चार वेळा लुकलुकला. अर्थातच उत्तर देणारे स्वतः टेस्ला होते.

त्यांनी १ जुलै १८९८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि ८ नोव्हेंबरला क्रमांक ६१३८०९ चे पेटंट त्यांना मिळाले. त्याच्या शीर्षकात जलयानांबरोबर इतर वाहनांचाही उल्लेख आहे. असे यंत्र खरोखर चालते यावर पेटंट कार्यालयाचा विश्वास बसेना, तेव्हा तेथील वरिष्ठ परीक्षकाने न्यूयॉर्कला येऊन प्रात्यक्षिक पाहिले, असे टेस्ला यांनी आत्मकथनात नोंदवून ठेवले आहे.

शक्ती पोटातून

नौकेची अंतर्गत रचना त्या प्रात्यक्षिकाहूनही अधिक अभ्यासण्याजोगी आहे. काठावरून निघालेली लहर नौकेपर्यंत पोहोचेतो अत्यंत क्षीण झालेली असे. तिच्या जोरावर पंखा फिरणे किंवा सुकाणू वळणे शक्यच नव्हते. टेस्ला यांनी तशी अपेक्षाही धरली नाही. पंखा फिरविणारी मोटार आणि सुकाणू वळविणारी वेगळी छोटी मोटार यांच्यासाठी लागणारी वीज नौकेतच साठविलेली होती. लहरीने फक्त खूण करायची होती.

ही खूण टिपण्यासाठी कोहिरर नावाचे साधन वापरले होते. धातूच्या भुकटीने भरलेल्या या छोट्या नळीतून एरवी वीज जवळजवळ वाहत नाही. रेडिओलहर येताच भुकटीचे कण एकमेकांना बिलगतात आणि वाट मोकळी होते. मग अगदी थोडा प्रवाह एका रिलेला जागे करतो आणि रिले मोठ्या प्रवाहाचा मार्ग जोडतो. पुढच्या आदेशासाठी भुकटी पुन्हा सैल व्हावी, म्हणून नळी उलटी करण्याची यांत्रिक सोय होती. नाजूक साधनाने निर्णय घ्यायचा आणि दणकट साधनाने भार उचलायचा, अशी ही कामाची वाटणी होती.

आजच्या रेडिओ-नियंत्रित गाडीतही नेमकी हीच वाटणी असते. रिसिव्हर नाजूक असतो. बहुतेक रिसिव्हरना ५ व्होल्टच्या आसपास स्थिर दाब लागतो. मोटार मात्र खादाड असते. ती सुरू होताना किंवा चाक अडकल्यावर बॅटरीतून एवढा प्रवाह ओढते, की बॅटरीचा दाब क्षणभर कोसळतो. दोघांना एकाच बॅटरीवर जगायचे असेल, तर मध्ये एक राखणदार हवा. हा राखणदार म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर. पूर्वीच्या व्हॉल्व्हच्या संचांत वेगवेगळ्या दाबांसाठी वेगवेगळ्या बॅटऱ्या बाळगत. नंतर १.२ व्होल्टचे चार निकेल-कॅडमियम सेल जोडून ४.८ व्होल्टवर रिसिव्हर आणि चाके वळविणारी सर्व्हो मोटार चालविण्याचा प्रघात पडला. एका चिपमध्ये मावणारे रेग्युलेटर १९७० च्या दशकात स्वस्त झाले आणि रिसिव्हरसाठी दुसरी बॅटरी बाळगण्याची गरज बव्हंशी संपली.

रेग्युलेटरची निवड करताना होणाऱ्या चुका या वाटणीचा विसर पडल्यामुळेच होतात. ७८०५ हा सर्वपरिचित रेषीय रेग्युलेटर ५ व्होल्ट देतो, परंतु त्यासाठी त्याला सुमारे ७ व्होल्ट मिळावे लागतात. दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सर्वसाधारण दाब ७.४ व्होल्ट असतो. मोटारीने जोर लावताच तो ७ च्या खाली घसरतो, रेग्युलेटरचा दाबही खाली येतो, रिसिव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्या वेळात भरधाव गाडी बेवारस होते. अशा ठिकाणी कमी फरकावर काम करणारा रेग्युलेटर हवा.

उलट, तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी असेल, तर अडचण उष्णतेची होते. रेषीय रेग्युलेटर जादा दाब उष्णतेच्या रूपाने फेकून देतो. १ अँपियर प्रवाह घेतला, तर उपयोगी पडतात ५ वॅट आणि वाया जातात ६.१ वॅट. पूर्ण भारलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट असतो. तेव्हा हा आकडा ७.६ वॅटवर जातो. एवढ्या उष्णतेने बंदिस्त खोक्यातील रेग्युलेटर तापून स्वतःला बंद करून घेतो. त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा रेग्युलेटर सरस ठरतो. तो वीज झपाट्याने चालू-बंद करून गुंडाळीच्या साहाय्याने दाब उतरवितो आणि फारच थोडी वीज वाया घालवितो. मात्र त्या चालू-बंदीचा विद्युत-गोंगाट रिसिव्हरला त्रास देऊ शकतो, म्हणून तो अँटेनापासून दूर बसवावा लागतो आणि त्याला योग्य कपॅसिटर जोडावे लागतात.

म्हणूनच जाणकार तीन गोष्टी क्रमाने पाहतात. सर्व सर्व्हो एकाच वेळी अडकल्या तर प्रवाह किती लागेल, बॅटरी उतरत आली असता तिचा दाब किती खाली जाईल आणि रेग्युलेटरमध्ये उष्णता किती साठेल. बॅटरी ताजी आणि गाडी उचलून धरलेली असताना केलेल्या चाचणीत यांपैकी काहीच उघड होत नाही. गाडी मैदानात उतरल्यावरच उणीव कळते. लहान मोटारगाडीत तिचे मोल एका तुटलेल्या बंपरएवढे असते. डोक्यावरून उडणाऱ्या यंत्रात ते माणसाच्या इजेएवढे होऊ शकते.

ग्राझच्या वर्गातील ठिणग्याही येथे पुन्हा भेटतात. ब्रश असलेल्या स्वस्त मोटारींत त्या आजही उडतात आणि रिसिव्हरला छळतात. त्यासाठी मोटारीच्या टोकांवर छोटे कपॅसिटर डाखलावे लागतात. महागड्या गाड्यांत आणि ड्रोनमध्ये ब्रशविरहित मोटारी आल्या. त्यांना तीन तारांतून आळीपाळीने प्रवाह देऊन चुंबकीय क्षेत्र फिरते ठेवले जाते. बुडापेस्टच्या उद्यानात सुचलेल्या कल्पनेचाच हा वंशविस्तार होय.

दाद मिळाली नाही

ज्या वर्षी नौका दाखविली गेली, त्याच वर्षी अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध जुंपले होते. माणसाविना शत्रूवर चालून जाणाऱ्या नौकेत नौदलाला रस वाटेल, अशी टेस्ला यांची अपेक्षा होती. अशी शस्त्रे सर्वांकडे आली की युद्धच निरर्थक होईल, असेही त्यांचे मत होते. नौदलाने दखल घेतली नाही. पत्रकारांना त्या शोधात विनाशाचे साधन दिसले. टेस्ला मात्र तिच्याकडे यंत्रमानवांच्या पहिल्या पिढीचा प्रतिनिधी म्हणून पाहत होते. या शास्त्राला त्यांनी टेलिऑटोमॅटिक्स असे नाव दिले. पुढे यंत्र स्वतःच्या बुद्धीने वागेल, असे भाकीत त्यांनी १९०० मधील एका दीर्घ लेखात मांडले. पेटंटाची मुदत संपेपर्यंत या शोधातून त्यांना म्हणावी अशी कमाई झाली नाही.

त्यांच्या मनाने तोवर मोठी झेप घेतली होती. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्यांनी कृत्रिम विजेचे प्रचंड लोळ निर्माण केले. हवेतून खूण पाठविता येते, तर शक्तीही पाठविता येईल, अशी त्यांची खात्री झाली. पृथ्वीच्या पोटातून आणि वातावरणातून जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात वीज पोहोचवावी, तार नको आणि घरोघरी साठवणही नको, असे ते स्वप्न होते. जे. पी. मॉर्गन यांनी १९०१ मध्ये दीड लाख डॉलर दिले, पण ते मुख्यतः महासागरापलीकडे संदेश पाठविण्याच्या आशेने. न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे सुमारे १८७ फूट उंचीचा मनोरा उभा राहू लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्कोनी यांनी तुलनेने साध्या साधनांनी अटलांटिकपार संकेत मिळविला. टेस्ला यांनी वीज पाठविण्याचा आपला मूळ हेतू मॉर्गन यांना सांगितला, तेव्हा पुढचा पैसा मिळाला नाही. काम रेंगाळले आणि १९०५ च्या सुमारास थांबले. टेस्ला यांची प्रकृतीही त्या काळात ढासळली.

नौकेत त्यांनी जे ओळखले होते, तेच मनोऱ्यात त्यांना नडले. खूण कितीही क्षीण झाली तरी चालते. ती ओळखता आली की पुरे. शक्तीचे तसे नाही. ती वाटेत विखुरली, की पोहोचणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. मोबाइल फोनपासून उपग्रहापर्यंत आजचे जग खुणा हवेतून पाठविते, परंतु शक्तीसाठी प्रत्येक साधनाच्या पोटात बॅटरी असते किंवा त्याच्या पाठीशी तार असते. बिनतारी चार्जर निघाले खरे, पण फोन त्यांना जवळजवळ चिकटवूनच ठेवावा लागतो. टेस्ला यांचे स्वप्न तेवढ्या अंतरापुरतेच आजवर व्यवहारात उतरले आहे.

अखेरची वर्षे

१९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बिनतारी संदेशवहनासाठी मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळाले. हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी वॉर्डनक्लिफची जागा टेस्ला यांच्या हातून गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या विद्युत अभियंत्यांनी त्यांना आपले सर्वोच्च पदक दिले. ते पदक एडिसन यांच्या नावाचे होते, हा दैवाचा खेळच म्हणावा लागेल.

उत्तरायुष्य त्यांनी एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात राहून काढले. लग्न केले नव्हते. कबुतरांना दाणे घालणे आणि जखमी पाखरांची शुश्रूषा करणे हा विरंगुळा उरला होता. १९३४ पासून वेस्टिंगहाऊस कंपनी त्यांना दरमहा १२५ डॉलर आणि खोलीचे भाडे देत होती. ७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करमधील ३३२७ क्रमांकाच्या खोलीत वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पाच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या एका महत्त्वाच्या पेटंटातील दावे अवैध ठरविताना लॉज आणि स्टोन यांच्यासमवेत टेस्ला यांच्या आधीच्या कार्याचा आधार घेतला. निकाल ऐकण्यास ते हयात नव्हते. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले. त्यांच्या अस्थी बेलग्रेड येथील संग्रहालयात जतन केल्या आहेत.

नायगारा आणि खोपोली यांच्या रूपाने टेस्ला यांची थोरवी जगाने लवकर ओळखली. हौदातील नौकेचे मोल कळण्यास मात्र कित्येक दशके जावी लागली. मावळातील एखादा विद्यार्थी घरच्या टेबलावर गाडीचा सांगाडा मांडून रिसिव्हरला किती व्होल्ट द्यावेत, मोटारीचा भार कोठून उचलावा आणि मध्ये कोणता रेग्युलेटर बसवावा याचा हिशेब करतो, तेव्हा तो १८९८ मधील त्या अभियंत्याचाच प्रश्न सोडवीत असतो. हिशेब नीट जमला, तर गाडी त्याचे ऐकते. हिशेब चुकला, तर रेडिओ कितीही उत्तम असला तरी आदेश ऐकायला गाडीत कोणी जागे नसते.